मे महिन्यात विदर्भातून मुंबईला येताना कपड्यांची तयारी

नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत 44-45 अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला मुंबईचे 33-34 अंश ऐकून हायसे वाटते, आणि बॅग भरताना नेमकी तिथेच चूक होते. माझे माहेर वर्धा जिल्ह्यातले आहे आणि लग्नानंतर मी मुंबईत आले ती मे महिन्यातच. सोबत तिकडच्या उन्हाळ्याचे कपडे होते: पूर्ण बाह्यांचे, गळ्याशी बंद होणारे जाड सुती कुडते, दोन जीन्स आणि डोके-तोंड बांधायला मोठे दुपट्टे. तिसऱ्या दिवशी मानेवर, पाठीवर आणि कमरेभोवती घामोळ्या उठल्या. धुतलेली जीन्स दोन दिवस दोरीवर ओलसरच राहिली, आणि तोंडाला दुपट्टा बांधून लोकलमध्ये चढले तेव्हा जीव इतका गुदमरला की पुढच्याच स्टेशनवर उतरावे लागले. आता दर उन्हाळ्यात माहेरची माणसे आमच्याकडे येतात, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला मी फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी दोन्हीकडच्या हवेतला फरक समजून घ्यावा

विदर्भात घरोघरी खिडकीला कूलर असतो आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपत असते. बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून आत येताना पाणी शोषून घेते, पाण्याची वाफ होण्यात उष्णता खर्ची पडते आणि खोली गार होते. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली गार होण्याऐवजी कोंदट होते, कारण इथल्या हवेत समुद्राचे बाष्प आधीच भरलेले असते आणि तिला आणखी पाणी फारसे पेलवत नाही. आपले शरीरही याच रीतीने गार होत असते. घाम येतो, तो त्वचेवरून सुकतो आणि सुकताना शरीराची उष्णता घेऊन जातो. विदर्भात हा घाम इतक्या झपाट्याने सुकतो की तो आल्याचेही पुष्कळदा कळत नाही, फक्त संध्याकाळी कपाळावर मिठाची खरखर हाताला लागते. मुंबईत मात्र तो सुकतच नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळून गेलेल्या घामाने शरीराला गारवा मिळत नाही. हवामान विभागाचे निकषही हा फरक लक्षात घेऊनच ठरलेले आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनारपट्टीवर मात्र तो 37 अंशांपासूनच होतो.

म्हणून कपडे निवडताना एक गोष्ट पक्की धरावी. तिकडे आपण उन्हाला आणि गरम झळांना अडवण्यासाठी अंग झाकतो. इथे कपड्याचे पहिले काम घामाला वाट करून देणे हे आहे. या लेखातल्या पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच आलेल्या आहेत.

दिवसाच्या वेळांचाही अंदाज असावा. मुंबईत दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा वाहू लागतो आणि तो आला की जरा सुसह्य होते. त्याच्या आधीचे, सकाळी नऊ ते साधारण बाराचे तास जास्त घुसमटीचे असतात. जमिनीकडून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांनी त्याला अडवून धरले तर पारा एकदम चढतो, आणि असे मार्च-एप्रिलमध्ये विशेष घडते. सांताक्रूझ येथे 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंशांची नोंद झाली होती. मेमध्ये इतके तापमान सहसा होत नाही, पण रात्रीही पारा 27 अंशांच्या आसपास राहतो आणि हवा दमटच असते, त्यामुळे झोपण्याच्या कपड्यांचाही विचार करावा लागतो.

कापड हाताने पारखून घ्यावे

दुकानात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या कपड्यात पॉलिएस्टर किती आहे हे चिठ्ठीवर लिहिलेले असतेच असे नाही. माझी आई कापड पारखताना ते तोंडासमोर धरून फुंकर मारते आणि दुसऱ्या बाजूला हात ठेवते. फुंकर हाताला लागली तर ते कापड मुंबईत घालण्यासारखे आहे, आणि श्वास अडला तर त्यातून वाराही जाणार नाही. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची आहे. बोटाने एक थेंब कापडावर सोडावा; तो क्षणात पसरून मुरला पाहिजे. तो मण्यासारखा वर बसून राहिला, तर कापडाला खळ तरी आहे किंवा त्यात कृत्रिम धागा तरी जास्त आहे. नवीन सुती कपडे याच कारणासाठी प्रवासापूर्वी दोन वेळा धुऊन घ्यावेत. कोऱ्या कपड्यातली खळ गेल्याशिवाय तो घाम टिपत नाही, शिवाय कच्चा रंग जायचा असेल तर तो घरच्या बादलीत गेलेला बरा, घामाने आपल्या अंगावर आणि आतल्या कपड्यांवर उतरलेला नव्हे.

मलमल आणि वॉइल ही या हवेसाठी सर्वांत चांगली कापडे आहेत, कारण ती पातळ आणि विरळ विणीची असतात. कॅम्ब्रिकही चालते. हातमागाची मऊ, पातळ खादी उत्तम, पण जाडीभरडी खादी एकदा भिजली की जड होऊन अंगाला चिकटते. लिनन महाग असते आणि पटकन चुरगळते, तरी पुरुषांच्या शर्टांसाठी ते जरूर घ्यावे. ते ओलावा भरपूर शोषते आणि थोडे ताठ असल्यामुळे अंगापासून सुटे राहते. रेयॉनचे कुडते हाताला गार आणि सुळसुळीत लागतात म्हणून पुष्कळ जणी घेऊन येतात. ते घाम शोषतात हे खरे, पण ओले झाल्यावर लोंबतात आणि लवकर वाळत नाहीत, म्हणून असा एखादाच ठेवावा. टेरिकॉट, जॉर्जेट, क्रेप, साटन ही कापडे दिवसा बाहेर फिरण्यासाठी अजिबात आणू नयेत. खेळाडूंच्या पातळ जाळीदार पॉलिएस्टर टी-शर्टची गोष्ट वेगळी आहे. ते चटकन वाळतात आणि पहाटे चालायला चांगले असतात, पण दिवसभर अंगावर राहिले तर त्यांना वास येतो.

डेनिमबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे, कारण तरुण मुले ऐकत नाहीत. जीन्स घामाने भिजते, दिवसभर ओली राहते आणि कमरेला व जांघेत सतत घासत असते. मे महिन्यात मुंबईत आलेल्या किती तरी मुलांना परत जाईपर्यंत नायटा झालेला मी पाहिला आहे. तो बरा व्हायला आठवडे लागतात आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे लागते. एक जीन्स प्रवासासाठी अंगावर असली तरी चालेल, पण बॅगेत दुसरी नको.

रंगांबाबत नुसता फिका-गडद एवढा विचार पुरत नाही. उन्हाच्या दृष्टीने फिके रंग चांगले, पण राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचा ओला डाग दुरूनही दिसतो आणि माणसाला उगाच संकोच वाटत राहतो. काळ्या व गडद निळ्या कपड्यावर ओल दिसत नाही, पण वाळल्यावर पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. पांढरा, फिका पिवळा, किंवा पांढऱ्यावर बारीक छापाचा कपडा या दोन्ही अडचणींतून सोडवतो.

शिवण सैल असावी

कपडा आणि अंग यांच्यामध्ये वारा खेळायला जागा हवी. नेहमीच्या मापापेक्षा छातीत आणि काखेत दोन बोटे सैल असलेला कुडता किंवा सदरा घ्यावा. बंद गळा आणि कॉलर टाळावी; मानेचा घाम तिथेच अडतो आणि घामोळ्यांची सुरुवात बहुधा तिथूनच होते. बिनबाह्यांचा कपडा सर्वांत गार असेल असे वाटते, पण त्यात काखेतला घाम टिपायला काहीच नसते आणि गर्दीत दुसऱ्याच्या घामट हाताचा स्पर्श होत राहतो. कोपराच्या थोड्या वर येणारी सैल बाही मला सर्वांत सोयीची वाटते. लेगिंगऐवजी सुती सलवार किंवा पलाझो घालावा, मात्र तो घोट्याच्या वर संपणारा असावा, कारण लोकलच्या जिन्यांवर लांब घेर पायांत येतो. पुरुषांनी अर्ध्या बाह्यांचे शर्ट आणि सुती, प्लीटची सैल पँट ठेवावी. मुंबईत रस्त्यावर, समुद्रावर अर्ध्या पँटकडे कोणी वळून पाहत नाही, पण देवळात आणि नातेवाइकांच्या घरी जाताना पूर्ण पँटच बरी.

साडी नेसणाऱ्या आई-आजींसाठी विशेष सांगणे आहे. साडी सुती असली तरी आतला परकर साटनचा असेल तर सगळा उपयोग वाया जातो. परकर सुतीच हवा, आणि त्याची नाडी बारीक दोरीसारखी नसून चपटी, रुंद पट्टीची असावी. घामाने नरम झालेल्या त्वचेवर बारीक नाडी दिवसभर काचली की कमरेला खोल वळ पडतो, तो सोलवटतो आणि मीठ लागून झोंबतो. माझ्या मावशीला याचा इतका त्रास झाला की फिरण्याचे दोन दिवस घरात झोपून काढावे लागले. घरी आल्याबरोबर परकर सैल करावा, कंबर पुसून कोरडी करावी.

आतले कपडे आणि घासणारी त्वचा

या विषयावर उघड बोलायला लोक लाजतात, पण सहलीचा विरस होतो तो पुष्कळदा इथेच. आतले कपडे सुती असावेत, घट्ट इलॅस्टिकचे नसावेत, आणि दिवसातून दोनदा बदलता येतील इतके असावेत. मुंबईत चालणे फार होते, त्यामुळे मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. साडी किंवा स्कर्टखाली गुडघ्याच्या वर येणारी पातळ सुती चड्डी घातली आणि निघण्यापूर्वी तिथे थोडे खोबरेल तेल लावले की हा त्रास टळतो. पुरुषांनी बनियान घालावी की नाही, हे नेहमी विचारले जाते. पातळ सुती आणि अर्ध्या बाहीची असेल तर जरूर घालावी, कारण ती काखेतला घाम टिपते आणि दुपारी बदलता येते. बिनबाहीची बनियान नेमकी काख उघडी सोडते.

घामोळ्यांवर पावडरचा जाड थर देऊ नये. तो घामात कालवून लुकण होतो आणि छिद्रे आणखी बुजतात. गार पाण्याने आंघोळ करून, टॉवेलने न रगडता टिपून, पंख्याखाली अंग पूर्ण सुकवून मगच कपडा घालणे हा खरा उपाय आहे.

डोक्यावर काय घ्यावे

विदर्भात दुपट्ट्याने डोके, कान, तोंड गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. तिथे ते योग्यच आहे, कारण वारा अंगापेक्षा गरम असतो. मुंबईत वारा गरम नसतो, तो हवाहवासाच असतो, आणि तोंड बांधल्याने श्वासाचा दमटपणा आतच कोंडतो. इथे छत्री सर्वांत चांगली. ती सावली देते आणि तिच्याखाली वाराही खेळतो. मुंबईत 15 मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होते. त्या दिवसांत इमारतींच्या कडेलाही दुपारी सावली सापडत नाही, म्हणून आपली सावली आपण बरोबर ठेवलेली बरी. गर्दीत छत्री उघडता येत नाही, तिथे चारी बाजूंनी काठ असलेली सुती टोपी घालावी. पुढेच चोच असलेल्या टोपीने मान भाजते. डांबरी रस्त्याची आणि समुद्राच्या पाण्याची तिरीप डोळ्यांना फार लागते, तेव्हा गॉगल हवाच. दुपट्टा आणू नका असे मात्र मी म्हणत नाही. पातळ सुती दुपट्टा किंवा पंचा खांद्यावर असला की घाम टिपता येतो, पाण्यात भिजवून मानेवर ठेवता येतो, आणि हाजी अलीच्या दर्ग्यात डोके झाकायलाही तोच उपयोगी पडतो.

पायांत काय घालावे

बंद बूट आणि नायलॉनचे मोजे घातले तर संध्याकाळी पायांच्या बोटांमध्ये कातडी पांढरी पडून सुरकुतते. मागे पट्टा असलेले, जाड तळव्याचे, धुता येणारे सँडल घ्यावेत. ते नवे नसावेत. घरी पंधरा दिवस वापरून पायाला बसलेले असावेत. साध्या रबरी चपला समुद्रकाठच्या शेवाळलेल्या खडकांवर घसरतात आणि लोकलच्या गर्दीत पायातून निसटतात. निसटलेली चपल उचलायला गर्दीत कधीही वाकू नये.

कुठे जायचे, त्याप्रमाणे घालावे

घारापुरीला गेटवेहून बोटीने साधारण तासभर लागतो, आणि बेटावर उतरल्यावर लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. बोटीच्या वरच्या मजल्यावर वारा छान लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, पण पाण्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने हात आणि चेहरा नकळत भाजतो. त्या दिवशी पूर्ण बाहीचा पातळ मलमलचा शर्ट किंवा कुडता घालावा. पूर्ण बाही मी सुचवते ती फक्त अशा, वारा भरपूर असलेल्या जागीच. सोमवारी लेणी बंद असतात हे जाताना लक्षात ठेवावे. हाजी अलीकडे जाणारा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून ओहोटीची वेळ पाहून निघावे आणि काठावर लाटा उडत असतील तर सलवार, पँट दुमडता येईल अशी हवी. जुहू किंवा गिरगाव चौपाटीवर मुले पाण्यात शिरणारच. त्यांच्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत ठेवावा, कारण खाऱ्या पाण्याचा ओला कपडा घालून तासभर लोकलमध्ये बसले की मुलांच्या जांघा लाल होतात.

लोकलचा प्रवास गर्दीच्या वेळी करूच नये, पण करावा लागला तर ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून घट्ट करावी किंवा पिशवीत ठेवावी, लांब झुमके काढावेत आणि पिशवी पाठीवरून पुढे घ्यावी. वातानुकूलित लोकल 2017 च्या डिसेंबरपासून पश्चिम रेल्वेवर सुरू झाली आणि आता पुष्कळ जण तीच पाहून घेतात. घामाने भिजलेल्या अंगाने तिच्यात चढले की हुडहुडी भरते. तिथेही खांद्यावरचा तो दुपट्टाच कामाला येतो.

मे महिन्यात येण्याचे कारण बहुतेकदा लग्न असते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. पैठणी घालून घरून हॉलपर्यंत टॅक्सीत, उन्हात जाऊ नये. सुती कपड्यात जावे, तिथे हातपाय धुऊन, पंख्याखाली दहा मिनिटे बसून मग नेसावे. ब्लाऊजला सुती अस्तर असलेच पाहिजे, आणि काखेत घाम टिपणारे पॅड लावावेत. रेशमावर पडलेला घामाचा डाग जात नाही आणि तिथून कापड विरते. पुरुषांनी शेरवानी किंवा जाकीट विधीच्या वेळेपुरते चढवावे. खोटे दागिने घामाने काळे पडतात आणि मानेला खाज आणतात, तेव्हा ते थोडेच ठेवावेत. लग्नाहून आल्यावर पैठणीची लगेच घडी करू नये. रात्रभर ती खोलीत पंख्याखाली पसरून ठेवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच सुती कापडात गुंडाळावी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर थोडे बदल करावेत. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, पण वळवाची सर त्याआधीही येते, आणि पांढरी मलमल भिजली की अंगाला चिकटून पारदर्शक होते. त्या दिवसांत छापाचे, किंचित गडद कपडे घ्यावेत.

किती कपडे घ्यावेत आणि ते कसे धुवावेत

विदर्भात एक कपडा दिवसभर पुरतो, इथे दिवसाला दोन वरचे कपडे लागतात. चार दिवसांसाठी सहा वरचे, तीन खालचे, आठ आतल्या कपड्यांचे जोड आणि झोपायला दोन सैल सुती जोड पुरतात, पण रोज रात्री धुण्याची तयारी हवी. घामाचा कपडा कोपऱ्यात गोळा करून टाकू नये. एका रात्रीत त्याला वास येतो आणि दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे कशानेही निघत नाहीत. साबण जास्त न घालता धुवावा, दोनदा खळबळावा, पिळून उलटा करावा आणि दोरीवर दुसऱ्या कपड्याला न चिकटवता पंख्याच्या वाऱ्यात वाळवावा. जाड टॉवेल आणूच नये. पंचा अंगही नीट पुसतो आणि सकाळपर्यंत वाळतो.

येताना रात्रीच्या गाडीत अंगावर साधे सुती कपडे असावेत आणि बदलण्याचा एक जोड बॅगेत सर्वांत वर ठेवावा, कारण इगतपुरीनंतर गाडी कसाऱ्याच्या घाटातून खाली उतरू लागली की खिडकीतून येणारी हवा चिकट होत जाते आणि कल्याण येईपर्यंत रात्रीचा कपडा भिजलेला असतो. परतताना ओलसर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. तो वर्तमानपत्रात गुंडाळावा आणि घरी पोचल्याबरोबर उन्हात टाकावा. डोके बांधायचा तो मोठा दुपट्टा मात्र परतीच्या गाडीत हाताशी ठेवावा, कारण दुपारी वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या फलाटावर उतरताना त्याची गरज पहिल्याच पावलाला लागेल.